रहाट बुडाला, सकाळी ११.२०

त्रिशला मगदूमनं तिसऱ्यांदा वायर उपसून परत खुपसली आणि कॉम्प्युटरनं तिसऱ्यांदा तिच्याकडे साफ दुर्लक्ष केलं. पडद्यावर तीच ओळ आली : बाह्य साधन आढळले नाही.

"आढळलं नाही म्हणे," ती कॉम्प्युटरलाच म्हणाली. "वीतभर अंतरावर तुझ्या पुढ्यात ठेवलंय. आणि तुला आढळत नाही."

पुढ्यात होती ती तळहातात मावणारी काळी हार्डडिस्क. तिच्यावर पिवळी पडलेली चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर भरतेशचं, म्हणजे तिच्या नवऱ्याचं, शाळामास्तरी गोल अक्षर : 'पूर २०१९'. भरतेश जाऊन नऊ वर्षं झाली. ही नऊ वर्षं डिस्क देव्हाऱ्याशेजारच्या कप्प्यात, ब्लाउजपीसमध्ये गुंडाळून ठेवलेली. वर्षातून एकदा बाहेर निघायची, ती खंडेनवमीला. पूजा झाली की परत आत.

आज ती पूजेसाठी काढलेली नव्हती. काल, सोमवारी, उंबरकाठच्या खालच्या गल्लीत प्रत्येकाच्या फोनवर निरोप आला होता. धरणातून पाणी सोडतायत. गुरुवारी पूर. खालच्या गल्लीनं बुधवारी संध्याकाळपर्यंत पलीकडच्या नव्या निवारागृहात मुक्कामाला यावं. बेचाळीस घरं, दोनशेच्या वर माणसं. निरोप वाचून गल्लीनं सुस्कारा टाकला आणि अंथरुणं बांधायला घेतली. त्रिशलानं मात्र अंथरूण बांधलं नाही, कारण निवारागृह जिथं बांधलंय ते जुनं ओढ्याचं रान, आणि त्या रानाबद्दल भरतेश काय सांगायचा ते तिला पक्कं आठवत होतं. "आपल्याकडं पाणी नदीच्या अंगानं येतच नाही," तो म्हणायचा. "नदी तुंबली की ओढा उलटा फुगतो. पाणी पाठीमागनं येतं."

पण आठवतं म्हणून कोण ऐकतंय? आपल्या घरात पाणी कुठवर चढलं हे गल्लीतल्या प्रत्येकाला पाठ. ते कुठून आलं आणि आधी कुठं आलं, हे बघायला त्या दिवशी कुणाला फुरसत होती? एकट्या भरतेशला होती. तो बांबूला फूट आखून, पोरांची पाटी बगलेत मारून दिवसभर फोटो काढत हिंडला. पूर ओसरल्यावर लोकांनी आठ दिवसांत भिंतींना चुना मारला आणि गाळाच्या रेघा गेल्या. राहिले ते या डबीतले फोटो. आणि डबी मख्ख.

तिनं लेकीला फोन लावला. सन्मती तालुक्याच्या पूरनियंत्रण केंद्रात नोकरीला होती.

"आई, किती जुनी डिस्क ती," सन्मती म्हणाली. "नव्या मशीनला जन्मखुणेशिवायचं काही दिसतच नाही. नाद सोड. आणि सामान आवरलंस का?"

जन्मखूण म्हणजे काय ते एकदा नीट सांगायला हवं. त्याशिवाय पुढचा तमाशा कळायचा नाही. आता प्रत्येक कॅमेऱ्यात मोहरीएवढी एक चिप असते. भिंगातून उजेड आत आला, की त्याच क्षणी ती त्या उजेडातून, वेळेतून, जागेतून आणि स्वतःच्या एका गुप्त किल्लीतून एक लांबलचक आकडा तयार करते आणि फोटोला शिवून टाकते. फोटोतला एक ठिपका जरी कुणी बदलला तरी आकडा जुळत नाही. ही जन्मखूण. हा कायदा झाला त्याला कारण होतं. एका पावसाळ्यात धरण फुटल्याचा व्हिडिओ फिरला. अख्खाच्या अख्खा यंत्रानं रचलेला, पण आवाजासकट इतका खरा की एका पुलावर चेंगराचेंगरीत एकोणीस माणसं मेली. त्यानंतर ठरलं, की सरकारी यंत्रणेनं जन्मखूण असलेलंच खरं मानायचं. कायदा वाईट नव्हता, हेच तर दुखणं होतं. वाईट असता तर कुणीतरी भांडलं असतं. पण कायद्याच्या आधी जे जे घडलं, त्याला जन्मखूण कुठून येणार? ते सगळं एका फटक्यात संशयित झालं.

आणि याच खऱ्या-खऱ्या माहितीवर जलदर्शी वाढवलेलं. जलदर्शी म्हणजे केंद्रातलं यंत्र. त्याच्या पोटात अख्खी नदी आकड्यांच्या रूपानं वाहत असते. पाऊस किती, धरणात किती, कुठल्या घराच्या पायरीला पाणी किती वाजता लागेल, सगळं ते आधी सांगतं. आठ वर्षांत ते एकदाही चुकलेलं नव्हतं. फक्त या आठ वर्षांत मोठा पूरही आला नव्हता. आणि ओढा तर कायद्याच्या आधीच नळांत घालून रस्त्याखाली गाडलेला, त्यामुळे जन्मखूण असलेल्या एकाही नकाशात तो नव्हता. जलदर्शीच्या लेखी ते रान नदीपासून लांब, कोरडं, सुरक्षित. तिथं निवारागृह बांधा असंही त्यानंच सुचवलेलं.

त्रिशला तीस वर्षं अंगणवाडी सेविका होती. गल्लीतल्या निम्म्या लोकांची नाकं तिनं पुसलेली. नाद सोड म्हटलं की तिला हमखास जोर चढायचा. तिनं डिस्क पिशवीत टाकली आणि साडेदहाची एसटी धरली.

तालुक्याला जुन्या स्टँडमागं दस्तगीर मुल्लाचं दुकान. चाळीस वर्षं कॉम्प्युटर दुरुस्त केले, आता पंखे नि मिक्सर करतो. सत्तरीचा माणूस, भरतेशचा शाळेपासूनचा दोस्त. त्यानं मिक्सर बाजूला सारला, डिस्क हातात घेतली आणि चिठ्ठी वाचली.

"मास्तरचं अक्षर," तो म्हणाला. "बसा वैनी. काय म्हणतीय ही?"

"काहीच म्हणत नाही. सन्मती म्हणती कायद्यानं दिसत नाही."

"असं? मला सांगा, वायर लावल्यावर दिवा लागतोय का हिचा?"

"नाही."

"कानाला लावून बघितली? आत घुर्र करतीय?"

"तेही नाही."

"मग कायद्याला कशाला बोल लावताय? कायदा लई तर फोटो लपवंल. दिवा न्हाई विझवत." त्यानं चष्मा कपाळावर चढवला. "हल्ली हीच खोड लागलीय लोकांना. काय बी बंद पडलं की कायदा. आधी वायर बघावी माणसानं."

त्यानं वायर बघितली. दुसरी लावली, तिसरी आखूड लावली. मग फळीवरून जुना लॅपटॉप काढला, जन्मखुणेच्या आधीचा, ज्याला खऱ्या-खोट्याशी काही देणंघेणं नव्हतं. त्याच्या एका भोकात लावली, मग दुसऱ्या. कधी कधी भोक वीज कमी देतं म्हणाला, म्हणून दोन तोंडांची वायर लावून वीज वेगळी दिली. डिस्क ढिम्म. तेव्हा त्यानं घड्याळजीचं भिंग डोळ्याला लावलं आणि डिस्कचं वायर बसायचं तोंड दिव्याखाली धरलं. बराच वेळ बघितलं.

"वैनी," तो सावकाश म्हणाला, "ह्यात लाल काय हाय? कुंकू?"

त्रिशलाची कानशिलं गरम झाली.

भरतेश खंडेनवमीला सगळ्याची पूजा मांडायचा : विळी, कोयता, स्कूटर, लॅपटॉप, आणि ही डिस्क. तो गेला त्या वर्षी थोरले दीर, आदगोंडा अण्णा, सगळ्यांदेखत म्हणाले, "आता तू कुंकवाला हात लावायचा नाहीस. पूजा मी करीन." ते रागानं नव्हते म्हणाले. रीतच तशी म्हणून म्हणाले, आणि म्हणूनच तिला जास्त झोंबलं. त्या दुपारी दार लावून तिनं एकटीनं डिस्क पाटावर मांडली, बोट ओलं करून हळद लावली, कुंकू लावलं, भरपूर लावलं. कपाळाला नाही लावायचं ना, मग इथं लावीन. पुढची आठ वर्षं असंच. राग होता तो सगळा, आणि माया होती, आणि दोन्ही ओल्या बोटानं त्या भोकात ठासलं गेलं होतं.

"मीच बुजवलं," ती म्हणाली. तिनं पदर डोळ्यांना लावला. "त्यांनी जिवापाड जपलेलं, ते मीच बुजवून बसले."

"बसा बसा. रडायचं नंतर, आधी खोलू द्या मला." दस्तगीरनं बारीक पेचकस घेतला. "मी बी दसऱ्याला मशिनींना हार घालतोय की. फक्त त्यांच्या तोंडात कुंकू घालत न्हाई."

रडता रडता तिला हसू आलं.

डबी उघडल्यावर आत दोन वस्तू निघाल्या. एक खरी डिस्क, चपटी, चकचकीत. दुसरं तिच्या शेपटाला लावलेलं हिरवं कार्ड, बोटाएवढं. "ही डिस्क म्हणजे मास्तर," दस्तगीर म्हणाला, "आणि हे कार्ड म्हणजे दुभाषा. मास्तरची भाषा कॉम्प्युटरला हा सांगतोय. कुंकू ह्याच्या तोंडात गेलंय. ओल धरून पितळ खाऊन टाकलंय सगळं. मास्तरला धक्का न्हाई." त्यानं कार्ड सोडवलं, खोक्यातून दुसऱ्या मेलेल्या डिस्कचं कार्ड शोधून काढलं, स्पिरिटनं त्याचे पितळी दात पुसले आणि बसवलं. वायर लावली.

घुर्र झालं. अगदी बारीक, मांजर पायाशी बसावं तसं. लॅपटॉपनं टुंग केलं. त्रिशला खुर्चीच्या टोकावर आली.

यादीत काहीच नाही.

"आता काय झालं?" तिनं विचारलं.

"घाई करू नका. टुंग झालं म्हणजे भेट झाली. ओळख व्हायची राहिलीय." त्यानं दुसरीच एक खिडकी उघडली. तिथं डिस्क होती, रांगेत शेवटी, नाव-गाव नसलेली. "हिला 'डी', 'ई' असलं अक्षर न्हाई. अक्षर असल्याशिवाय हा यादीत घेत न्हाई. आत माल असून उपयोग न्हाई, दारावर पाटी लागती." त्यानं अक्षर दिलं. यादीत डिस्क उगवली. "आता हात लावू नका कशाला. आधी सगळी नक्कल काढतो. म्हातारं हाय, परत उठंल न उठंल."

नक्कल व्हायला दीड तास लागला. तेवढ्यात त्रिशलानं दोन कप चहा घेतला आणि एका घोटाची चव लागली नाही तिला. मग फोटो उघडले. घरागणिक एक कप्पा, नावानिशी. प्रत्येक फोटोत बांबू, आणि पाटीवर खडूनं वेळ, जागा, उंची. ओढ्याच्या रानाचा कप्पा शेवटी होता. पहिल्या फोटोत विहीर. रहाटाच्या साडेचार फुटी खांबाचं फक्त टोक पाण्यावर. आणि अलीकडं, चढाच्या कडेला, लाल फ्रॉकातली चार वर्षांची पोर दोन्ही हातांनी पाटी धरून उभी. पाटीवर : 'रहाट बुडाला. सकाळी ११.२०.' पुढं गल्लीचा कप्पा. अण्णांच्या पायरीला पाणी लागलं, संध्याकाळी ६.०५. दोन दिवसांनंतरच्या फोटोंत सर्वांत वरच्या रेघा : गल्लीत चार फूट, विहिरीपाशी नऊ.

ती विहीर आता निवारागृहाच्या अंगणात होती. स्लॅब टाकून झाकलेली, वर बाकडी.

त्रिशलानं फोन करून सन्मतीला बोलावलं. केंद्र चार पावलांवर. ती चार वाजता आली, केंद्राचं निळं जॅकेट अंगात. तिनं फोटो बघितले, एकदा, मग परत. नवा फोन काढून तिनं पडद्याचाच फोटो घेतला आणि केंद्राला पाठवला. फोननं लगेच सांगितलं : पडद्याचे छायाचित्र. ग्राह्य नाही.

"बघितलंस?" ती आईला म्हणाली. "मी करून बघितलं. नाही घेत ते."

"ही फोटोतली पोर कोण गं?"

"मी."

"खोटी आहेस का?"

"आई, तसं नाही ते."

"मग कसं? फ्रॉक मी शिवलाय. काज चुकलंय एक, बघ, अजून दिसतंय. पाटी तुझ्या बापानं लिहिलीय. तू तिथं उभी होतीस, पाठीमागं पाणी होतं, आणि उद्या तिथंच आपण दोनशे माणसं नेऊन झोपवणार."

"मला दिसतंय गं," सन्मती म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. "यंत्राला दिसत नाही. साहेबांना सांगितलं तर ते म्हणतील, खुणेशिवायच्या माहितीवर निवारा हलवला आणि पूर दुसरीकडूनच आला तर जबाबदार कोण? त्यांचंही चुकत नाही. मी बोलले तर माझी नोकरी जाईल, आणि निवारा तिथंच राहील."

"तुझी नोकरी तू बघ. गल्ली माझी आहे." त्रिशलानं कागदावर आकडे उतरवून घेतले. घर, फूट, वेळ. "यंत्राला काय दाखवायचंय मला? मी माणसांना दाखवते."

दस्तगीर मधे पडला नाही. त्यानं नक्कल काढून झालेली मूळ डिस्क एका डबीत घालून त्रिशलाच्या हातात दिली आणि रबराचा एक तुकडा कापून तोंडाला बूच बसवलं. सन्मती दारात उभी राहून आईची एसटी जाईपर्यंत बघत होती.

बुधवारी सकाळी त्रिशलानं बादलीत गेरू कालवला आणि पहिली गेली ती अण्णांच्या दारात. अण्णा कट्ट्यावर फोन घेऊन बसलेले. फोनवर गल्ली लाल, निवारा हिरवा.

"आठ वर्षं चुकलं नाही ते," अण्णा म्हणाले.

"आठ वर्षं परीक्षाच झाली नाही अण्णा. नापास कसं होणार?" तिनं भिंतीवर कुंचला टेकवला.

"आणि हे काय चाललंय?"

"रेघ ओढतीय. चार फूट."

"चार फूट मला बी पाठ हाय. माझ्याच घरात आलतं."

"किती वाजता?"

"संध्याकाळी. दिवेलागणीच्या आधी."

"त्या वक्ताला ओढ्याच्या रानात किती होतं?"

 अण्णांना ते माहीत नव्हतं. त्या दिवशी ते म्हशी सोडवत होते. त्रिशलानं रेघ पुरी केली आणि वर लिहिलं : '२०१९. संध्या. ६.०५.' मग पुढचं घर. बाया बघायला बाहेर आल्या. कुणी म्हणालं, मास्तरीणबाईंच्या डोक्यात फरक पडला. कुणी म्हणालं, आमची भिंत परवाच रंगवलीय ओ. तिनं कुणाला विचारलं नाही नि कुणाला उत्तर दिलं नाही. बारा घरं झाल्यावर मागनं लोकच चालायला लागले. ही आता कुठं जाते, ते बघायला.

बेचाळीसावं घर झालं तशी ती निवारागृहाशी गेली. शिडी लावली, वर चढली आणि पांढऱ्याशुभ्र भिंतीवर नऊ फुटांवर गेरूचा कुंचला फिरवला. कोपऱ्यातल्या कॅमेऱ्याला ते दिसलं. कर्णा बोलायला लागला, "कृपया सार्वजनिक मालमत्तेला हानी पोहोचवू नये." दर अर्ध्या मिनिटाला तेच, त्याच गोड आवाजात.

"ही रेघ दिसली बघ तुला," त्रिशला वरून म्हणाली. "पाटी नाही दिसली."

खाली हशा पिकला, पण त्यात धार नव्हती. निम्मे लोक तिच्या बाजूचे, निम्मे अंथरुणाच्या वळकट्या काखेत मारून निवाऱ्याच्या दाराकडे बघणारे. एवढ्यात निळं जॅकेट दिसलं. सन्मती रस्त्यावरून झपाझप येत होती. लोकांनी वाट दिली. केंद्रानं पोरीलाच पाठवलं आईला उतरवायला, असं सगळ्यांना वाटलं. त्रिशलालाही तेच वाटलं आणि तिचं तोंड कडू झालं.

"मी उतरणार नाही," ती म्हणाली.

"आई, रेघ चुकलीय," सन्मती म्हणाली.

कर्णा पुन्हा एकदा सुरू झाला.

"बाबांनी जुन्या जमिनीपासून मोजलं होतं. इमारत साडेतीन फूट भरावावर उभी आहे, भरावाची नोंद केंद्रातच आहे, सकाळी बघून आले. नवातून साडेतीन गेले. साडेपाच फुटांवर घे." तिनं जॅकेट काढून बाकड्यावर टाकलं, विहिरीवरच्या त्या बाकड्यावर. "नऊ फुटांवर ठेवलीस तर पाणी तिथवर जाणारच नाही, आणि मग लोक हसतील नि खरं तेही खोटं ठरेल. दे इकडं."

त्रिशला शिडीवरून उतरली. लेकीनं तिच्या हातातून कुंचला घेतला, टेपनं मोजून साडेपाच फुटांवर जाड रेघ ओढली, वरची चुकीची खोडली. मग खाली लिहिलं : 'पाणी आधी इथं. गल्लीत नंतर.'  ती घाबरलेली होती, आणि घाबरलेली असूनही लिहीत होती.

"अण्णा," त्रिशला म्हणाली, "जरा या. भिंतीला पाठ लावून उभं राहा."

अण्णा आले. वयानं आखडलेले, सव्वापाच फूट भरतील न भरतील. भिंतीला टेकून उभे राहिले. रेघ त्यांच्या डोक्यावरून गेली. त्यांनी मान वळवून वर बघितलं, मग समोर गल्लीतल्या पोरासोरांकडे बघितलं. त्यांतलं एकही त्यांच्या खांद्याच्या वर नव्हतं.

"ट्रॅक्टर काढा," अण्णा म्हणाले. "माळावरच्या शाळेत जायचं."

केंद्राच्या बसगाड्या आपोआप चालणाऱ्या. त्यांना निवाऱ्याशिवाय दुसरी वाट ठाऊक नव्हती. त्या रिकाम्याच येऊन अंगणात उभ्या राहिल्या. गल्ली नऊ ट्रॉल्यांत बसून माळावर गेली. संध्याकाळच्या आत शेवटची म्हैससुद्धा वर पोचली. केंद्रातून सन्मतीला सात फोन आले. पहिला तिनं घेतला, सांगायचं ते सांगितलं आणि पुढचे सहा घेतले नाहीत.

गुरुवारी सगळं गाव शाळेच्या व्हरांड्यात उभं राहून खाली बघत होतं. नदी भरून चालली होती, पण पात्रात होती. नदीकाठ कोरडा, गल्ली कोरडी. अकरा वाजले, साडेअकरा वाजले. कुणीतरी घसा खाकरला. त्रिशलानं आकड्यांचा कागद परत उघडला. कुठं चुकलो तर नाही? बारा वाजून दहा मिनिटांनी निवाऱ्याच्या अंगणातलं एक बाकडं हललं. स्लॅबच्या फटीतून पाणी उसळत होतं. रस्त्याखालचे नळ उलटे वाहायला लागले होते. नकाशात नसलेला ओढा, ज्याला आठ वर्षं कुणी विचारलं नव्हतं, तो आपल्या जुन्या जागी परत आला. दीड वाजता निवाऱ्याच्या दारातून पाणी आत शिरलं. गल्लीत तेव्हा धूळ होती.

दोन वाजून पन्नास मिनिटांनी सगळ्यांचे फोन एकदम वाजले. जलदर्शीचा निरोप : निवारागृह असुरक्षित. तत्काळ बाहेर पडा. आत तेव्हा तीन फूट पाणी होतं आणि माणूस एकही नव्हतं. व्हरांड्यात कुणी हसलं नाही. बायांनी पोरं जवळ ओढून घेतली. अण्णा शाळेच्या पायरीवर खाली बसले. गल्लीत पाणी लागलं ते संध्याकाळी सात वाजता.

चौथ्या दिवशी पाणी ओसरलं. निवाऱ्याच्या भिंतीवर गाळाची रेघ गेरूच्या रेघेच्या चार बोटं खाली होती. सन्मती आता घरीच होती. ग्राह्य नसलेल्या माहितीवर निर्णय घेतल्याबद्दल तिची चौकशी लागली होती. तिनं बापाचा बांबू काढला, पाटी काढली आणि घराघरातून फिरून नव्या फोननं फोटो घेतले. जन्मखुणेसकट. प्रत्येक फोटोत पाटी धरायला त्रिशला.

खंडेनवमीच्या सकाळी पोस्टमन केंद्राची नोटीस देऊन गेला. उंबरकाठ येथील भिंतींवरील अप्रमाणित पूररेषा नागरिकांची दिशाभूल करणाऱ्या असून त्या पंधरा दिवसांत पुसून टाकाव्यात. त्रिशला ती हातात घेऊन गल्लीभर चालत गेली. दसऱ्याचा चुना लागला होता सगळ्या घरांना, बेचाळीसच्या बेचाळीस. वर पांढरं, खाली पांढरं, आणि मधे गेरूची पट्टी तशीच. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. ज्यानं त्यानं आपापला कुंचला रेघेशी थांबवला होता.

ती घरी आली. पाट मांडला, विळी ठेवली, कोयता ठेवला, डिस्क ठेवली. या वेळी दार लावलं नाही. उघड्या दारातून अण्णा आले, हातात चांदीचा करंडा. जावेचा.

"लाव," ते म्हणाले.  "मी नको म्हणालो होतो. आता म्हणतोय, लाव."

"तुम्हाला विचारलंय कुणी, अण्णा?" त्रिशला म्हणाली. "नऊ वर्षं लावतेच आहे मी."

"ठाऊक हाय. दस्तगीरनं सांगितलं." अण्णांनी करंडा पाटाशी ठेवला आणि तिथंच मांडी घालून बसले. "तोंडाशी नको लावू म्हणालाय."

तिनं डिस्कचं रबरी बूच अंगठ्यानं दाबून बघितलं. पक्कं बसलं होतं. मग नोटीस दुमडून डिस्कखाली अंथरली, कुंकू पाटावर सांडू नये म्हणून, आणि बोट ओलं केलं.